परसातील कोंबडी आणि रानातील तिचे सोयरे

खेड्यातील कोणत्याही परसात सकाळी दाणे टाकून कोंबड्यांचे पाय न्याहाळले, तर ते एकाच रंगाचे नसतात असे दिसून येईल. काहींचे पाय हळदीसारखे पिवळे, काहींचे पांढुरके, काहींचे पाटीसारखे निळसर करडे, तर क्वचित एखादीचे हिरवट असतात. व्हाइट लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड या जातींचे पाय पिवळे, तर ससेक्स जातीचे पांढरे असतात. अंडी देणारी कोंबडी ओळखण्याची जुनी रीत ग्रामसेवकांच्या परिचयाची आहे. पिवळ्या कातडीची कोंबडी अंड्यावर आली म्हणजे प्रथम तिच्या गुदद्वाराभोवतालचा, मग डोळ्यांच्या कडांचा, मग चोचीचा आणि सर्वांत शेवटी पायांचा पिवळेपणा उतरत जातो. मक्यातून व हिरव्या चाऱ्यातून पोटात गेलेले पिवळे रंगद्रव्य कातडीत साठण्याऐवजी अंड्याच्या बलकात जाते, हे त्याचे कारण होय.

हे रंगद्रव्य कातडीत साठविण्याचा गुण कोंबडीच्या वंशात मुळात आला कोठून, या प्रश्नाकडे मात्र कुक्कुटपालन करणाऱ्यांचे फारसे लक्ष नसे. त्याचे उत्तर २००८ साली मिळाले आणि ते भारतीय द्वीपकल्पातील, म्हणजेच आपल्या सह्याद्रीतीलही, एका रानपक्ष्याकडे बोट दाखविणारे निघाले. हे उत्तर ज्या साधनांनी मिळाले, ती साधने रानपक्ष्यांसाठी तयार झालेली नव्हती. अधिक अंडी व अधिक मांस देणारी कोंबडी निपजावी म्हणून ती निर्माण करण्यात आली होती. पाळीव जनावरांसाठी घडविलेली हत्यारे त्यांच्या रानटी भाईबंदांच्या अभ्यासास कशी उपयोगी पडतात, याचे हे एक चांगले उदाहरण आहे. या अभ्यासातून रानालगतच्या गावांना विचार करावयास लावील अशी दुसरीही एक गोष्ट उघडकीस आली आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

चार रानकोंबडे

जगात रानकोंबड्यांच्या चार जाती आहेत. तांबडा रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून आसाम, ब्रह्मदेश, थायलंड व इंडोनेशियापर्यंत पसरलेला आहे. राखी रानकोंबडा केवळ भारतात आढळतो. तिसरी जात सिंहलद्वीपाची, तर चौथी हिरवी जात जावा व त्याच्या आसपासच्या बेटांची आहे. भारतात तांबड्याची हद्द मध्य भारतातील साल वृक्षांच्या अरण्यांतून दक्षिणेस साधारणतः गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत येते. तेथून दक्षिणेस व पश्चिमेस राखी रानकोंबड्याचे राज्य सुरू होते. महाबळेश्वर, कोयना व राधानगरीच्या रानांत पहाटे जी तुटक बांग ऐकू येते, ती या राखी कोंबड्याची. गावठी कोंबड्याच्या लांबलचक आरवण्याशी तिचे फारसे साम्य नाही. या नराच्या मानेवरील पिसांच्या टोकांना मेणाचे थेंब गोठावेत तसे पिवळट चकचकीत ठिपके असतात. या पिसांपासून मासे पकडण्याच्या गळासाठी बनावट माश्या तयार करण्याचा छंद इंग्लंडात होता व त्यापायी एके काळी भारतातून पिसांची मोठी निर्यात होत असे.

चार्ल्स डार्विन याने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सर्व पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासूनच उत्पन्न झाल्या, असे मत मांडले. त्याच्या हाताशी पिसारा, हाडे, आवाज व संकरित पिल्लांची प्रजननक्षमता एवढाच पुरावा होता. तेवढ्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष बहुतांशी खरा ठरला, ही थोडी गोष्ट नव्हे. २०२० साली चीनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ८६३ पक्ष्यांच्या आनुवंशिक अभ्यासात पाळीव कोंबडीचे सर्वांत जवळचे नाते नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व ब्रह्मदेश या भागांतील तांबड्या रानकोंबड्याच्या उपजातीशी जुळले. कोंबडी तेथून माणसांबरोबर इतरत्र गेली व जेथे जेथे गेली तेथील रानकोंबड्यांशी तिचा थोडाबहुत संकर होत राहिला. सिंधू खोऱ्यात कोंबडी प्रथम माणसाळविली गेली, हा जुना समज त्यामुळे मागे पडला आहे.

हत्यारे कोणी घडविली

प्रत्येक प्राण्याच्या शरीरातील पेशींत डी.एन.ए. नावाचा सूक्ष्म धागा असतो व त्यावर चार प्रकारच्या घटकांची, म्हणजे जणू चार अक्षरांची, लांबच लांब ओळ असते. कोंबडीच्या गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असून एका संचात सुमारे १०० कोटी अक्षरे असतात. मनुष्याच्या तुलनेत ही ओळ साधारणतः एकतृतीयांश भरते. डिसेंबर २००४ मध्ये ही संपूर्ण ओळ प्रथमच प्रसिद्ध झाली. त्या कामाचे नेतृत्व अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने केले होते. त्यासाठी निवडलेली मादी तांबड्या रानकोंबड्याच्या वंशातली, परंतु पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात जवळच्या नात्यात वाढविलेली होती. त्याच वेळी एक मांसाची कोंबडी, एक अंड्यांची कोंबडी व एक चिनी रेशमी पिसांची कोंबडी यांची ओळ तिच्याशी ताडून पाहण्यात आली आणि सुमारे २८ लाख ठिकाणी अक्षरांचे फरक आढळले.

हे फरक म्हणजेच खुणा होत. जमिनीच्या मोजणीत जसे हद्दीचे दगड असतात, तशा या खुणा गुणसूत्रावर जागोजागी उभ्या असतात. त्यांच्या आधारे एखादा गुण गुणसूत्राच्या कोणत्या भागात आहे, हे शोधता येते. २०११ साली एकाच वेळी ६० हजार खुणा तपासणारी काचपट्टी तयार झाली, तर २०१३ साली सुमारे ६ लाख खुणांची. यांमागे मोठ्या पैदास कंपन्यांचा पैसा व हितसंबंध होता, हे उघड आहे. रानातील एका पक्ष्यासाठी एवढा खर्च कोणत्याही देशाने केला नसता.

याहून जुनी व स्वस्त अशी एक रीत आहे व भारतात तिचाच अधिक उपयोग झाला आहे. डी.एन.ए.च्या ओळीत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. हाताने ओवलेल्या माळेत एकाच रंगाचे मणी कोठे दहा, तर कोठे तेरा ओवलेले असावेत, तसे एका पक्ष्यात हे तुकडे दहा वेळा येतात, तर दुसऱ्यात तेरा वेळा. ही संख्या आई-बापांकडून पिल्लांकडे जशीच्या तशी जाते. त्यामुळे अशा वीस-तीस जागा मोजल्या, की कोणता पक्षी कोणत्या कळपाचा व कोणाच्या रक्ताचा, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने कोंबड्यांच्या जाती तपासण्यासाठी अशा ३० जागांची यादी शिफारस केली आहे. त्यामुळे एका देशातील मोजणी दुसऱ्या देशाच्या मोजणीशी ताडून पाहता येते.

ही साधने रानपक्ष्याला लागू कशी पडतात, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. डी.एन.ए.चा हवा तो भाग उचलण्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना चिकटणारे दोन लहान तुकडे प्रयोगशाळेत बनवितात. त्यांचे काम कुलपाच्या किल्लीसारखे असते. कोंबडीसाठी बनविलेली किल्ली तांबड्या रानकोंबड्याच्या कुलपाला तंतोतंत बसते, कारण दोघे एकाच जातीचे. राखी रानकोंबडा वेगळ्या जातीचा असला, तरी या घराण्याच्या शाखा फुटून काही दशलक्ष वर्षेच झालेली आहेत व निसर्गाच्या हिशेबी हा काळ अल्प होय. त्यामुळे बहुतेक किल्ल्या त्यालाही चालतात. मोर किंवा तित्तिर यांच्याकडे जावे, तसतशी न बसणाऱ्या किल्ल्यांची संख्या वाढत जाते.

पिवळ्या पायांचा शोध

कातडीचा पिवळा रंग हा मागे पडणारा गुण आहे, हे पैदासकारांना विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठाऊक होते. शुद्ध पांढऱ्या पायांचा कोंबडा व पिवळ्या पायांची कोंबडी यांची सर्व पिल्ले पांढऱ्या पायांची होतात. ती आपापसांत जोडली, तर पुढील पिढीत साधारणतः चारांत एक पिल्लू पिवळ्या पायांचे निघते. निळसर करडा रंग येतो तो कातडीच्या आतील थरातल्या काळ्या रंगद्रव्यामुळे. या काळ्या थरावर पिवळा थर आला, की पाय हिरवट दिसतात. तांबड्या रानकोंबड्याचे पाय निळसर करडे असतात, म्हणजे त्याच्यात पिवळेपणा नाही. मग लेगहॉर्नमध्ये तो आला कसा? पाळीव अवस्थेत केव्हातरी अचानक बदल घडून तो उत्पन्न झाला असावा, असे उत्तर पुरेसे वाटत असे.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या खुणांच्या साहाय्याने हा गुण २४ व्या गुणसूत्रावरील एका लहान भागात असल्याचे निश्चित केले. तेथे त्यांना पिवळ्या रंगद्रव्याचे तुकडे करणारे विकर बनविणारे जनुक सापडले. पांढऱ्या पायांच्या पक्ष्यात हे विकर कातडीत काम करते व आलेले रंगद्रव्य मोडून टाकते, म्हणून कातडीला रंग चढत नाही. पिवळ्या पायांच्या पक्ष्यात जनुक बिघडलेले नसते, केवळ कातडीपुरते ते मंदावलेले असते. ज्या पक्ष्यांत दोन्ही प्रकारच्या प्रती होत्या, त्यांच्या यकृतात दोन्ही प्रती सारखेच काम करीत होत्या. कातडीत मात्र पिवळी प्रत जवळजवळ मुकी होती. एखाद्या घरातील सर्व दिवे चालू ठेवून एकाच खोलीचा दिवा मंद करावा, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच पिवळ्या पायांच्या कोंबडीच्या प्रकृतीत त्यामुळे काही उणेपणा येत नाही.

यानंतर संशोधकांनी सुमारे २४ हजार अक्षरांचा हा पट्टा रानकोंबड्यांच्या निरनिराळ्या जातींत वाचून पाहिला. पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांचा पट्टा अपेक्षेप्रमाणे तांबड्या रानकोंबड्याशी जुळला. पिवळ्या पायांच्या कोंबड्या मात्र, मग त्या युरोपातील असोत की चीनमधील, तांबड्यापासून दूर गेल्या व राखी रानकोंबड्याच्या जवळ जाऊन बसल्या. याचा अर्थ असा, की पिवळा रंग पाळीव अवस्थेत उत्पन्न झालेला नाही. केव्हातरी भारतातच, रानाच्या कडेला चरणाऱ्या कोंबड्यांचा राखी रानकोंबड्याशी संकर झाला आणि त्या संकरातून तो गावात आला असावा. हा संकर नेमका कोणत्या प्रदेशात झाला हे कातडीचा रंग सांगत नाही. परंतु राखी रानकोंबडा भारताबाहेर नसल्यामुळे देशाबद्दल फारशी शंका उरत नाही. डार्विनचे एकाच पूर्वजाचे मत येथे अपुरे ठरले.

युरोपातील उत्खननांत मिळालेल्या कोंबड्यांच्या जुन्या हाडांतील डी.एन.ए. २०१४ साली तपासण्यात आला. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंतच्या त्या हाडांत पिवळ्या कातडीचे जनुक जवळजवळ नव्हतेच. म्हणजे आज ज्यांना आपण विलायती जातींचे लक्षण समजतो, ते पिवळे पाय विलायतेत सर्वत्र पसरले ते अलीकडच्या काही शतकांतच. व्हाइट लेगहॉर्नची पिल्ले सरकारी केंद्रातून घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती भारतीय रानपक्ष्याचा एक अंश परदेशप्रवास करून परत येतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

मोजपट्टीचा दोष

येथे एका मर्यादेचा उल्लेख केला पाहिजे. पाळीव पक्ष्यांसाठी निवडलेल्या खुणा म्हणजे ज्या ठिकाणी पाळीव पक्ष्यांमध्ये आपापसांत फरक आहेत, अशा जागा. एका गावाच्या शिरगणतीसाठी छापलेला नमुना दुसऱ्या गावी नेला आणि त्या गावातील कित्येक आडनावांना त्यात रकानाच नसला, तर ती कुटुंबे गणतीत येत नाहीत व गाव आहे त्यापेक्षा लहान दिसते. कोंबडीची काचपट्टी रानपक्ष्यावर वापरली, की असेच होते. रानपक्ष्यात वैविध्य कमी आहे असा चुकीचा समज त्यातून होतो. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते. हा दोष जाणणारे संशोधक आता काचपट्टीवर थांबत नाहीत व रानपक्ष्याची संपूर्ण ओळ वाचतात. परंतु ती ओळ लावण्यासाठीही आधार कोंबडीच्याच नकाशाचा घ्यावा लागतो.

गावाकडून रानाकडे

रानाकडून गावात आलेल्या गुणाची हकीकत येथपर्यंत पाहिली. रक्ताचा ओघ उलट दिशेनेही वाहतो आणि खरा चिंतेचा विषय तोच आहे.

तांबड्या रानकोंबड्याच्या नरात एक विशेष लक्षण असते. विणीचा हंगाम संपला, की त्याच्या मानेवरील लांब सोनेरी पिसे झडतात, त्यांच्या जागी आखूड काळपट पिसे येतात, तुरा लहान होतो व शेपटीची लांब पिसे गळतात. काही महिने तो ओळखू येऊ नये इतका साधा दिसतो. गावठी कोंबडा वर्षभर सारखाच मिरवीत असतो, त्याला ही अवस्था नाही. संकरित नरांतही ती नाहीशी होते, म्हणून ती शुद्ध रानटी रक्ताची खूण मानली जाते. दोन अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांनी जगातील संग्रहालयांत ठेवलेले ७४५ नमुने तपासून १९९८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आग्नेय आशियाच्या टोकाकडून व फिलिपाइन्समधून ही साधी पिसे असलेले नर १८६० च्या दशकापर्यंत, तर मलाया व त्याच्या शेजारच्या प्रदेशांतून १९२० च्या दशकापर्यंत दिसेनासे झाले होते. भारतासह पश्चिमेकडील व मध्य भागांत मात्र ती बहुतेक ठिकाणी आढळत होती.

पिसांवरून काढलेले हे अनुमान पुढे डी.एन.ए.ने तपासण्यात आले. सिंगापुरातील रानकोंबड्यांच्या जुन्या व नव्या नमुन्यांच्या अभ्यासात, २०२० साली, गावठी रक्ताचे प्रमाण ठिकाणागणिक कमी-अधिक असल्याचे दिसले. २०२३ साली अधिक विस्तृत प्रदेशातील जुने व नवे पक्षी ताडण्यात आले, तेव्हा अलीकडच्या कित्येक रानकोंबड्यांच्या डी.एन.ए.चा २० ते ५० टक्के भाग पाळीव कोंबड्यांकडून आलेला आढळला. शंभर वर्षांपूर्वीच्या संग्रहालयातील पक्ष्यांत हे प्रमाण पुष्कळच कमी होते. राखी रानकोंबड्याच्या बाबतीतही, २०२० च्या एका अभ्यासानुसार, त्याची व पाळीव कोंबडीची देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झालेली आहे. भारतात देहरादून येथील भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी कोंबडीच्याच खुणा वापरून रानातील व प्राणिसंग्रहालयांतील तांबडे रानकोंबडे तपासले आहेत. पिंजऱ्यातील पक्षी रानात सोडण्यापूर्वी त्यात गावठी रक्त आहे की नाही, हे पाहण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला आहे.

संख्येच्या दृष्टीने तांबडा किंवा राखी, दोन्हींपैकी एकही रानकोंबडा आज नामशेष होण्याच्या मार्गावर नाही. प्रश्न संख्येचा नसून वाणाचा आहे. बियाण्याच्या शेतात परक्या वाणाचे पराग आले, तर पीक उभे असते, कणसेही भरतात, परंतु वाण राहत नाही, हे शेतकऱ्याला सांगावयास नको.

यात शेतकऱ्याचे स्वतःचे हितही गुंतलेले आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले, की व्यापारी पैदाशीच्या कोंबड्यांत मूळ जातींतील आनुवंशिक वैविध्याचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग उरलेला नाही. थोड्या गुणांसाठी सतत निवड केली, की बाकीचे गळून जाते. उद्या एखादा नवा रोग आला किंवा उन्हाळे अधिक कडक झाले, तर उपयोगी पडतील अशी जनुके शोधावयास जागा दोनच : गावठी कोंबड्यांचे जुने कळप आणि रान. त्यातील दुसरी जागा पहिलीच्या वा कारखानी कोंबडीच्या रक्ताने भरून गेली, तर शोधावयाचे कोठे?

रानालगतच्या गावात

परसातील कुक्कुटपालनासाठी वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित कोंबड्या डोंगराळ व वनभागातही वाटल्या जातात. (वनराज हे नाव ऐकून रानाशी त्याचा काही संबंध असावा असे वाटते. प्रत्यक्षात ही जात हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेत तयार झालेली आहे.) या जातींमुळे कुटुंबाच्या आहारात भर पडते व त्या वाटू नयेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु वजनदार जातीचा नर रानात भटकू लागला, तर त्याचे रक्त रानकळपात शिरण्याचा संभव असतो. बंदिवासात राखी व तांबड्या रानकोंबड्यांचा संकर होतो, हे १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले आहे. त्यातील संकरित माद्यांची प्रजननक्षमता फार कमी असते, नरांची मात्र टिकून राहते. म्हणजे सह्याद्रीत निसर्गाने कुंपण घातलेले आहे, पण त्यात फट आहे.

यावर उपाय साधे आहेत आणि ते कोंबड्यांच्याही फायद्याचे आहेत. रानालगतच्या वस्तीत दहा-बारा माद्यांस एक नर पुरतो. जास्तीचे नर वेळीच विकावेत किंवा खाण्यासाठी काढावेत. हेच भटकणारे नर रानात जातात, तेव्हा त्यांना ठेवून लाभ नाही. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात किंवा डालग्याखाली झाकाव्यात व सकाळी दाणे घराजवळच टाकावेत, म्हणजे त्या दूर जात नाहीत. मुंगूस व रानमांजर यांपासूनही अशा रीतीने पुष्कळ बचाव होतो. नको झालेली किंवा आजारी कोंबडी जिवंत रानात सोडून देण्याची रीत मात्र पूर्णपणे बंद झाली पाहिजे.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, रक्तापेक्षाही लवकर रानात पोहोचतो. गावात साथ आली असता मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा झाडीत फेकणे हे रानकोंबड्यांच्या दृष्टीने अत्यंत घातक होय. मेलेला पक्षी चुना टाकून खोल पुरावा. पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लांच्या डोळ्यांत वा नाकपुडीत लासोटा लसीचा थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-२-बी लस, असा क्रम पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने ठेवावा. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, संपूर्ण गावातील कोंबड्यांना एकाच दिवशी लस टोचली, तर तिचा गुण अधिक येतो.

काही ठिकाणी रानकोंबडीची अंडी आणून खुडूक बसलेल्या गावठी कोंबडीखाली उबवितात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये रानकोंबडे पकडणे, मारणे, त्यांची घरटी मोडणे किंवा अंडी उचलणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी अशी पिल्ले बहुधा जगत नाहीत व जगलेली मोठी होताच रानात निघून जातात. म्हणजे श्रम वाया जातात आणि रानातील एक वीण बुडते.

पावसाळ्यानंतर वनवाटांवर रानकोंबड्याच्या मानेची झडलेली पिसे पडलेली आढळतात. ताज्या पिसाच्या मुळाशी डी.एन.ए. तपासण्यापुरत्या पेशी शिल्लक असतात. त्यामुळे पक्ष्याला हात न लावता त्याचे रक्त शुद्ध आहे की मिश्र, हे पाहता येते. असे पीस घरी नेऊ नये. वनरक्षकास ते जागेवर दाखवावे. त्याने ते कोरड्या कागदी पाकिटात घालावे, कारण प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून त्यावर बुरशी येते. पाकिटावर गावाचे नाव, ओढ्याचे किंवा डोंगराचे स्थानिक नाव व तारीख शिसपेन्सिलीने लिहावी. शाई पावसात पुसली जाते.